डायनासोर संपले, सस्तन प्राणी पसरले: जीवाश्मांची नोंद स्वतः वाचायला शिकताना

मी या विषयात शिरलो ते एका साध्या प्रश्नामुळे. लघुग्रह आदळला तेव्हा डायनासोर आधीच उतरणीला लागले होते का? एका लेखात 'हो' वाचलं, दुसऱ्यात 'अजिबात नाही', आणि दोघांनीही दाखला जीवाश्मांचाच दिलेला. मग फावल्या वेळात शोधनिबंध, तक्ते, आकडेवारी चाळत बसलो. त्यातला निम्मा वेळ फुकट गेला, कारण तीन वेगळे प्रश्न मी एकात कालवत होतो. शेवटच्या काळात डायनासोर कमी होत होते का, हा एक. ते संपले कशाने, हा दुसरा. सस्तन प्राणी वाढले कधी आणि कसे, हा तिसरा. तिघांची उत्तरं वेगवेगळ्या खडकांत आहेत आणि एकाच्या उत्तराने दुसरा प्रश्न सुटत नाही. खालच्या पायऱ्या हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे ठेवून लावल्या आहेत.

जवळ काय काय असू द्यावं

- भूशास्त्रीय कालमानाचा तक्ता. इंटरनॅशनल कमिशन ऑन स्ट्रॅटिग्राफीचा तक्ता फुकट मिळतो. नवीच आवृत्ती घ्या, कारण सीमांच्या तारखा अधूनमधून थोड्या सरकतात.
- पॅलिओबायॉलॉजी डेटाबेस. जगभरच्या जीवाश्मांच्या नोंदी इथे आहेत आणि उतरवून घ्यायला पैसे लागत नाहीत. प्राण्यांची नावं रोमन लिपीत टाइप करावी लागतात.
- कुठलंही स्प्रेडशीट.
- एक वही. प्रत्येक दाव्यापुढे दोनच गोष्टी लिहायच्या: कुठला थर, कुठला खंड.
- दहा पटीचं भिंग, संग्रहालयात किंवा खडक बघायला जाणार असाल तर.

१. आधी आकडे मराठीत आणा

हसू नका, पण पहिला खड्डा इथेच आहे. '६६ मिलियन' म्हणजे ६ कोटी ६० लाख. ६६ कोटी नव्हे. ६६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोर तर सोडाच, पाठीचा कणा असलेला प्राणीही नव्हता. तरी ही चूक छापील मजकुरात सर्रास दिसते.

सगळा तक्ता पाठ करायची गरज नाही. चार खुणा पुरतात. सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीच्या, अर्जेंटिनातल्या इस्चिगुआलास्तोच्या खडकांत सुरुवातीचे डायनासोर दिसतात. २० कोटी १० लाखांवर ट्रायासिक हा कालखंड संपून जुरासिक सुरू होतो. ६ कोटी ६० लाखांवर, म्हणजे लघुग्रह आदळला तेव्हा, क्रिटेशियस संपून पॅलिओजीन सुरू होतो. ५ कोटी ६० लाखांवर पृथ्वी अचानक तापते आणि आजच्या सस्तन गटांपैकी बरेच ओळखीचे चेहरे दिसू लागतात.

आता यात एक पाचवी खूण टाका. मॉर्गॅन्युकोडॉन हा चिचुंद्रीएवढा प्राणी सुमारे २० कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा आहे. काही अभ्यासक त्याला सस्तनांमध्येच धरतात, काही सस्तनांच्या उंबरठ्यावर ठेवतात. कसंही धरा, आपली ओळ डायनासोरांच्या मागून आलेली नाही. दोघांची सुरुवात ट्रायासिकमध्येच आहे आणि पुढची चौदा कोटी वर्षं दोघं एकाच जगात राहिले.

२. डायनासोर कोण नाही, ते ठरवा

पाठीवर शिड असलेला डायमेट्रोडॉन खेळण्यांच्या डब्यात डायनासोरांबरोबर येतो. तो डायनासोर नाही. सस्तन प्राणी ज्या मोठ्या शाखेतून आले त्या शाखेतला आहे, म्हणजे तो आपल्याला जवळचा. उडणारे टेरोसॉर आणि समुद्रातले इक्थिओसॉरही डायनासोर नव्हेत. इक्थिओसॉर तर लघुग्रहाच्या कितीतरी आधी, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी संपले होते.

उलट पक्षी डायनासोरच आहेत. ही नुसती शब्दांची गंमत नाही, पुढे मोजणी करताना याचा चटका बसतो. म्हणून वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवा: या लेखात 'डायनासोर' म्हणजे पक्षी सोडून बाकीचे.

३. सीमेवर बोट ठेवता आलं पाहिजे

क्रिटेशियस आणि पॅलिओजीनमधली सीमा शोधनिबंधांत 'के–पीजी' अशी लिहितात. खडूला जर्मनमध्ये जो शब्द आहे त्यातला हा 'के'. जुन्या लेखांत हीच सीमा 'के–टी' नावाने सापडेल. गोष्ट एकच आहे, गोंधळू नका.

इटलीतल्या गुब्बिओ गावाजवळ चुनखडीच्या थरांमध्ये जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची चिकणमाती आहे. ही माती साचायला किती काळ लागला असेल, हा भूशास्त्रज्ञ वॉल्टर अल्वारेझ यांचा प्रश्न होता. त्यांचे वडील लुईस अल्वारेझ भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी सुचवलं की इरिडियम हा धातू मोजा, कारण अवकाशातून पडणाऱ्या धुळीतून ते ठरावीक गतीने येत असणार. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी मोजलं, तर त्या मातीत इरिडियम नेहमीच्या तीसपट. डेन्मार्कमधल्या स्टेव्हन्स क्लिंटच्या कड्यात १६०पट. धुळीच्या रोजच्या हिशेबात हे बसत नव्हतं. १९८० साली चौघांनी मिळून मांडलं की सुमारे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला असावा. त्याचं विवर मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात, चिक्शुलूब इथे, जमिनीखाली गाडलेलं आहे. व्यास सुमारे १८० किलोमीटर. १९९१ साली त्याचा या सीमेशी संबंध जोडला गेला.

सीमा ओळखायच्या खुणा अशा: इरिडियमची उसळी, धक्क्याने आतून चिरलेले क्वार्ट्झचे कण, वितळून थिजलेल्या काचेचे गोल मणी आणि लगेच वर नेच्यांच्या बीजाणूंचा पूर. जळालेल्या, उघड्या पडलेल्या जमिनीवर सगळ्यांत आधी नेचे हातपाय पसरतात, म्हणून तो पूर.

इथला सापळा: प्रत्येक ठिकाणी चारही खुणा मिळत नाहीत. नदीच्या गाळात तो पातळ थर बहुतेक वेळा वाहून गेलेला असतो. मग सीमा परागकणांवरून ठरवतात, आणि त्यात काही सेंटिमीटर, कधी मीटरभरही इकडेतिकडे होऊ शकतं. 'सीमेच्या इतकं खाली' असं कुठे वाचलंत, की सीमा कशावरून ठरवली ते आधी शोधा.

४. प्राणी मोजण्याआधी खडक मोजा

सगळ्या लेखातली ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून इथे थोडा जास्त वेळ काढणार आहे.

वाचनालयातली सह्यांची वही डोळ्यांपुढे आणा. वाचनालय एका दिवशी अचानक बंद पडलं. रोज येणाऱ्याची शेवटची सही आदल्या दिवसाची असेल. महिन्यातून एकदा येणाऱ्याची तीन आठवड्यांपूर्वीची, वर्षातून दोनदा येणाऱ्याची चार महिन्यांपूर्वीची. आता फक्त वही हातात असलेला माणूस काय म्हणेल? लोक हळूहळू यायचे बंद झाले आणि मग वाचनालय बंद पडलं. अचानक झालेला शेवट नोंदीत हळूहळू झाल्यासारखा दिसतो. फिलिप सिग्नोर आणि जेरे लिप्स यांनी १९८२ मध्ये जीवाश्मांबाबत हेच दाखवलं, म्हणून याला सिग्नोर–लिप्स परिणाम म्हणतात. डायनासोरांची हाडं म्हणजे वर्षातून दोनदा येणारे वाचक.

याचं ठळक उदाहरण अमेरिकेतल्या मॉन्टॅना आणि डाकोटा भागातलं हेल क्रीक. टी. रेक्स आणि ट्रायसेरॅटॉप्सचं हे घर. सीमेखालच्या शेवटच्या तीनेक मीटरमध्ये तिथे डायनासोरांची हाडं जवळजवळ मिळत नव्हती. 'तीन मीटरची पोकळी' या नावाने यावर वर्षानुवर्षं वाद झाला, कारण पोकळी खरी असेल तर आघाताच्या आधीच डायनासोर गेले होते असं म्हणावं लागतं. २०११ साली शिंगवाल्या डायनासोराचं एक शिंग प्रसिद्ध झालं. ते परागकणांवरून ठरवलेल्या सीमेच्या अवघ्या १३ सेंटिमीटर खाली होतं. एका शिंगाने डायनासोर किती होते ते कळत नाही. मात्र तिथे ते नव्हतेच, हे म्हणणं कोसळायला एक शिंग पुरतं.

आता डेटाबेस उघडा आणि हे करून पाहा. क्रिटेशियसचे शेवटचे दोन टप्पे कॅम्पेनियन आणि माश्ट्रिख्टियन. दोन्हींतले डायनासोरांचे वंश (जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) वेगवेगळे उतरवून घ्या आणि मोजा. माश्ट्रिख्टियनमध्ये आकडा खाली गेलेला दिसेल. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा रात्री एकच्या सुमाराला मला वाटलं, सापडलं! सकाळी एकेक चूक दिसायला लागली:

- माझ्या यादीत पक्षी होते. 'डायनोसॉरिया' शोधलं की पक्षीही येतात, ते मुद्दाम वगळावे लागतात.
- मी नोंदी मोजल्या होत्या, वंश नव्हे. एकाच प्रकारच्या प्राण्याच्या वीस नोंदी असू शकतात.
- कॅम्पेनियन १ कोटी १० लाख वर्षांहून मोठा, माश्ट्रिख्टियन सुमारे ६० लाखांचा. जवळपास निम्म्या मुदतीत कमी वंश सापडले यात नवल काय?
- दोन्ही टप्प्यांतल्या नोंदींचा मोठा हिस्सा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला. तो सगळ्या जगाचा आकडा नव्हेच.

शेवटचा मुद्दा जरा उकलून सांगतो. क्रिटेशियसमध्ये उत्तर अमेरिकेच्या मधोमध समुद्र होता. त्याच्या काठच्या सखल जमिनीत नद्यांचा गाळ साचायचा आणि हाडं पुरली जायची. कॅनडातल्या आल्बर्टाचे डायनासोर पार्कचे थर असेच, कॅम्पेनियनमधले आणि हाडांनी गच्च भरलेले. पुढे माश्ट्रिख्टियनमध्ये हा समुद्र मागे हटला. हाडं पुरणाऱ्या जागाच कमी झाल्या. म्हणजे आकडा घटला तो प्राणी घटले म्हणून, की कबरस्तान घटलं म्हणून?

तज्ज्ञांतही यावर एकमत नाही. २०१६ मध्ये साकामोटो, बेंटन आणि वेंडिट्टी यांनी डायनासोरांच्या वंशवृक्षावरून मांडलं की आघाताच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून नव्या प्रजाती बनण्याचा वेग नामशेष होण्याच्या वेगाच्या मागे पडला होता. २०२१ मध्ये कॉन्डामिन आणि सहकाऱ्यांनी सहा कुळं घेऊन उतरण सुमारे ७ कोटी ६० लाख वर्षांपासून धरली. उलट २०१९ मध्ये कियारेन्झा आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेपुरतं दाखवलं की डायनासोरांना राहण्याजोगा प्रदेश आकसला नव्हता, जीवाश्म टिकण्याजोग्या जागा आकसल्या होत्या. माझा कल या तिसऱ्या बाजूला आहे, पण तो कलच आहे. तुम्ही ठरवताना एवढं पाहा की समोरच्या निबंधाने खडकांच्या कमतरतेचा हिशेब घातला आहे का, आणि कसा.

५. सस्तन प्राणी ओळखायचे ते दातांवरून

डायनासोरांकडून सस्तनांकडे वळलात की नजर बदलावी लागते. मांडीचं हाड शोधायचं नाही, मिलिमीटरभर दाढ शोधायची. सस्तनांचे हे जीवाश्म बहुतेक वेळा गाळ धुऊन, बारीक चाळणीतून चाळून मिळतात. दातावरचं इनॅमल शरीरातला सगळ्यांत कठीण भाग, म्हणून टिकतो तोच.

सरपटणाऱ्यांचे दात साधारण एकसारखे आणि पुनःपुन्हा बदलणारे. सस्तनांचे पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा अशी कामाची वाटणी झालेले, आणि दुधाचे मग कायमचे असे दोनच संच. वरची-खालची दाढ एकमेकींत नेमकी बसते. त्यामुळे एका दाढेवरून प्राणी काय खात होता आणि अंदाजे किती वजनाचा होता, हे बऱ्यापैकी सांगता येतं.

दुसरी खूण जबड्याची. आपला खालचा जबडा प्रत्येक बाजूला एकाच हाडाचा. आपल्या पूर्वजांत तिथे जास्त हाडं होती. जबड्याच्या सांध्याची दोन हाडं लहान होत होत कानात गेली, आणि तीच आज आपल्या कानातली हातोडी आणि ऐरण. हा बदल जीवाश्मांत पायरीपायरीने दिसतो. मला तर डायनासोरांच्या शेवटापेक्षा हीच गोष्ट जास्त थरारक वाटते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

६. 'उंदरासारखे लपून बसलेले' हे चित्र पुसून टाका

बहुतेक सस्तन लहान होते हे खरं. दबलेले होते हे अर्धवट. चीनमधल्या सुमारे १२ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीच्या खडकांतला रेपेनोमॅमस बारा-चौदा किलोपर्यंत वाढायचा. २००५ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या एका सांगाड्यात, पोटाच्या जागी डायनासोराच्या पिल्लाची हाडं होती. त्याहून जुना, जुरासिकमधला कॅस्टोरोकौडा चपट्या शेपटीने पोहायचा. व्होलॅटिकोथेरियम पायांमधल्या पडद्यावर तरंगत जायचा.

दुसरा गैरसमज याहून खोल रुतलेला आहे: डायनासोर गेले आणि सस्तन सुखरूप राहिले. उत्तर अमेरिकेतल्या नोंदींवरच्या २०१६ सालच्या एका अभ्यासात क्रिटेशियसच्या अखेरीस ९३ टक्के सस्तन प्रजाती संपल्याचा अंदाज आहे. कांगारूसारख्या पिशवीवाल्या सस्तनांच्या नातलगांचं तिथे अतोनात नुकसान झालं. पक्ष्यांचीही तीच गत, एकच शाखा पलीकडे पोचली. वाचलेल्यांचा विजय वगैरे काही झाला नव्हता, वाचले ते मूठभर होते.

७. सीमेनंतरची पहिली दहा लाख वर्षं

यासाठी वाचायला बसायचं ते कोलोरॅडोतल्या कॉरल ब्लफ्सवर. इथली युक्ती नवख्याला फार शिकवून जाते. टायलर लायसन आणि सहकारी आधी सगळ्यांसारखे उघडं पडलेलं हाड शोधत होते आणि हाती फारसं लागत नव्हतं. मग त्यांनी दगडी गोळे शोधायला घेतले. हाडाभोवती खनिजं साचून असे गोळे बनतात. ते फोडले, तर आत कवट्या! नजर बदलल्यावर त्याच जागेने इतकं दिलं की सीमेनंतरच्या दहा लाख वर्षांचा सलग हिशेब २०१९ मध्ये मांडता आला.

हिशेब असा. आघातानंतर लगेच तिथला मोठ्यात मोठा सस्तन अर्ध्या किलोच्या आसपास. लाखभर वर्षांत सहा किलो. तीन लाख वर्षांत पंचवीसेक किलो, आणि त्याच सुमाराला अक्रोडाच्या कुळातली झाडं वाढलेली. सात लाख वर्षांवर पन्नास किलोच्या आसपासचे प्राणी, आणि त्याच थरांत शेंगांच्या कुळाच्या सुरुवातीच्या खुणा. वनस्पती आणि प्राणी पायरीला पायरी लावून चढताना दिसतात.

इथला सापळा: ही एका खोऱ्याची कहाणी आहे. सगळीकडे याच वेगाने झालं असं धरू नका. आणि पन्नास किलो म्हणजे हत्ती नव्हे. घोडे, हरणं, माकडं यांच्या गटांचे पूर्वज मोठ्या प्रमाणावर दिसायला लागतात ते ५ कोटी ६० लाखांच्या उष्ण काळानंतर, म्हणजे आणखी नऊ-साडेनऊ दशलक्ष वर्षांनी. 'डायनासोर गेले आणि लगेच आधुनिक सस्तन आले' या वाक्यातला 'लगेच' एवढा लांब आहे.

८. लाव्हाचं काय?

दख्खनच्या लाव्हाचे उद्रेक सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत, त्यामुळे ते टाळून पुढे जाता येत नाही. २०१९ मध्ये दोन गटांनी वेगवेगळ्या पद्धतींनी तारखा काढल्या. एकाच्या मते मोठा झोत आघाताच्या थोडा आधीचा, दुसऱ्याच्या मते बराचसा लाव्हा नंतरचा. शेवट नेमका कशाने झाला यात बहुतेक अभ्यासक आघाताला मुख्य धरतात आणि लाव्हाला किती वाटा द्यायचा यावर भांडतात.

नवख्याला याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे तिथले गाळाचे थर. लाव्हाच्या खालच्या लामेटा थरांत डायनासोरांची हाडं आणि अंडी आहेत. दोन लाव्हांमध्ये सापडलेल्या तळ्यांच्या गाळात, तेलंगणातल्या नसकल इथे, डेक्कनोलेस्टीस या चिमुकल्या सस्तनाचे दात मिळाले. प्रसाद आणि साहनी यांनी १९८८ मध्ये भारतातला क्रिटेशियसमधला पहिला सस्तन म्हणून ते जाहीर केले. हेल क्रीकबाहेरचं जग बघायचं असेल तर इथून सुरुवात करा.

९. नवी बातमी आली की

वही उघडा आणि विचारा: कुठला थर? कुठला खंड? सीमा कशावरून ठरवली? मोजलं ते प्रजाती, वंश की नुसत्या नोंदी? 'घट' म्हणतात ती संख्येतली, विविधतेतली, की आकारातली?

आणि 'आघातानंतरही डायनासोर जिवंत होते' असा मथळा दिसला तर एक प्रश्न जास्तीचा. हाड मुळात त्याच थरातलं आहे का? नदी जुना काठ खाते, त्यातलं हाड सुटतं आणि लाखो वर्षांनंतरच्या गाळात पुन्हा पुरलं जातं. न्यू मेक्सिकोच्या सॅन हुआन खोऱ्यातल्या हाडांवर असाच मोठा वाद झाला. सुटं, कडा झिजलेलं एकटं हाड असेल तर सबुरीने घ्या. सांधे जागच्या जागी जुळलेला सांगाडा सीमेच्या वर सापडल्याची बातमी आली, तर मात्र हातातलं काम टाकून वाचा. अजून तरी तशी आलेली नाही.